तृणधान्यांवरील सूत्रकृमींचे परस्परसंबंध

भात, गहू, मका, ज्वारी इ. तृणधान्यांच्या मुळांवर, खोडांवर वा दाण्यांत उपजीविका करणाऱ्या सूत्रकृमींच्या (दोऱ्यासारख्या, खंडरहित, बहुधा सूक्ष्मदर्शकानेच दिसणाऱ्या गोलकृमींच्या) दोन किंवा अधिक जाती एकाच पिकात एकत्र आल्या असता त्यांचा एकमेकींच्या प्रवेशावर, वाढीवर व संख्येवर आणि पर्यायाने पिकाच्या नुकसानीवर जो परिणाम होतो, त्याला सूत्रकृमींचे परस्परसंबंध असे म्हणतात. शेतजमिनीत वनस्पतिपरजीवी सूत्रकृमींची एकच जाती असणे ही विरळा गोष्ट होय. सामान्यतः मूठभर मातीत अनेक जाती एकत्र नांदत असतात व त्यांचा वाटा एकाच रोपाच्या मुळांवर असतो. तरीही या विषयाचा इतिहास दीर्घकाळ एकेका जातीचा व एकेका रोगाचा इतिहास राहिला. अनेक जातींच्या समूहाकडे एकत्रित दृष्टीने पाहण्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच खरी सुरुवात झाली. भाताच्या बाबतीत या संबंधांचा निवाडा मुख्यतः पाणी करते, म्हणून पाण्याच्या कमीअधिक प्रमाणानुसार जमिनीचे स्पष्ट थर पडलेला कोकणातील नागोठण्यासारखा (जि. रायगड) प्रदेश हा विषय समजून घेण्यास सोयीचा आहे.

उपजीविकेचे प्रकार : वनस्पतिपरजीवी सूत्रकृमींच्या तोंडात पोकळ सुईसारखा अवयव असतो. तो कोशिकेत (पेशीत) खुपसून ते आतील रस शोषतात. उपजीविकेच्या पद्धतीवरून त्यांचे तीन मुख्य गट पडतात. पहिल्या गटातील बाह्यपरजीवी सूत्रकृमी मातीत राहूनच मुळाच्या पृष्ठभागावरील कोशिकांतून अन्न घेतात. टायलेंकोऱ्हिंकस वंशातील जाती या प्रकारच्या आहेत. दुसऱ्या गटातील भ्रमणशील अंतःपरजीवी मुळात शिरून एका भागातून दुसऱ्या भागात फिरतात व वाटेतील ऊतकांचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांचा) नाश करतात. प्रॅटिलेंकस व हिर्शमॅनिएला हे या गटातील प्रमुख वंश होत. तिसऱ्या गटातील स्थानबद्ध अंतःपरजीवी मुळात एका ठिकाणी कायमचे स्थिर होतात. त्यांच्या लाळेच्या प्रभावाने वाहक ऊतकाजवळील काही कोशिका बदलून पोषणाची खास जागा तयार होते. मूळगाठ सूत्रकृमींच्या (मेलॉयडोगायनी वंश) बाबतीत या कोशिका फार मोठ्या व अनेक केंद्रकांच्या होतात व त्यांना महाकोशिका म्हणतात. पुटी सूत्रकृमींच्या (हेटरोडेरा वंश) मादीचे शरीर मृत्यूनंतर कठीण कवचाची पुटी बनते व तिच्यात अंडी दीर्घकाळ सुरक्षित राहतात.

परस्परसंबंधांचे स्वरूप बरेचसे या गटांवर अवलंबून असते. दोन जातींची उपजीविकेची जागा व पद्धत जितकी सारखी, तितकी त्यांच्यातील स्पर्धा तीव्र असते. पृष्ठभागावर उपजीविका करणारी व मुळाच्या गाभ्याजवळ स्थिर होणारी अशा दोन जाती फारसा संघर्ष न होता एकाच मुळावर राहू शकतात. मात्र एका जातीने मुळांची वाढच खुंटविली, तर दुसरीचे अन्न व जागा कमी होते. उलट एका जातीच्या उपद्रवाने मुळास नव्या शाखा फुटल्या, तर दुसरीस प्रवेशासाठी अधिक टोके मिळतात. म्हणून हे संबंध तटस्थ, विरोधी किंवा परस्परपूरक असे तिन्ही प्रकारचे असू शकतात. पिकाचे नुकसान हे दोन्ही जातींच्या स्वतंत्र नुकसानीच्या बेरजेइतके, तीहून कमी किंवा तीहून अधिकही भरते.

प्रारंभीचा इतिहास : वनस्पतींवरील सूत्रकृमींचा पहिला शोध तृणधान्यातच लागला. १७४३ मध्ये इंग्लंडमधील जॉन टर्बरव्हिल नीडॅम यांनी गव्हाच्या काळसर, आखूड दाण्यांवर पाणी टाकून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाण्यातील तंतुमय पदार्थ हालचाल करू लागल्याचे त्यांना दिसले. हे तंतू म्हणजे ॲंग्विना ट्रिटिसाय या सूत्रकृमीची सुप्तावस्थेतील पिले होत. १८५५ मध्ये माइल्स जोसेफ बर्कली यांनी इंग्लंडमधील काचगृहातील काकडीच्या मुळांवरील गाठींचा संबंध सूत्रकृमींशी जोडला. जर्मनीत यूलियुस क्यून यांनी १८७४ मध्ये ओटच्या मुळांवरील पुटी सूत्रकृमीची नोंद केली. या सूत्रकृमीला पुढे हेटरोडेरा ॲव्हेनी हे नाव मिळाले. स्वीडनमध्ये हेर्मान नील्सॉन-एले यांनी १९२० मध्ये सातूतील या सूत्रकृमीविरुद्धची प्रतिकारक्षमता आनुवंशिक असल्याचे दाखविले व प्रतिकारक वाणांच्या पैदाशीचा मार्ग खुला झाला.

भारतात या अभ्यासाचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षी झाला. १९०१ मध्ये सी. ए. बार्बर यांनी दक्षिण भारतातील चहाच्या मुळांवर मूळगाठ सूत्रकृमी असल्याचे नमूद केले. एडविन जॉन बटलर यांनी १९१३ मध्ये पूर्व बंगालमधील खोल पाण्याच्या भातावरील ‘उफ्रा’ रोगाचे कारण एक सूत्रकृमी असल्याचे सिद्ध केले. सांप्रत त्यास डिटिलेंकस अंगुस्टस म्हणतात. भातावरील सूत्रकृमींच्या इतिहासात नागपूरचेही स्थान महत्त्वाचे आहे. तत्कालीन मध्य प्रांतात वनस्पतिरोगतज्ञ म्हणून काम करणारे जे. एफ्. दस्तूर यांनी त्या प्रांतातील भाताच्या एका सूत्रकृमिजन्य रोगाचे सविस्तर वर्णन १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. पानांची टोके पांढरी पडणारा हा रोग ॲफेलेंकॉयडिस बेसेयी या सूत्रकृमीमुळे होतो. हा सूत्रकृमी भाताच्या टरफलाखाली सुप्तावस्थेत राहतो व बियाण्याबरोबर दूरवर पोहोचतो. राजस्थानातील सीकर जिल्ह्यात नीम का थाना येथे गहू व सातूवरील ‘मोल्या’ रोगाची नोंद १९५८ मध्ये झाली. त्याचे कारण हेटरोडेरा ॲव्हेनी हीच जाती होय.

या सर्व संशोधनाचा साचा एकच होता : एक रोग, एक कृमी व त्यावर एक उपाय. ज्या रोगांत सूत्रकृमी ठळकपणे एकटाच कारणीभूत होता, तेथे हा साचा यशस्वी ठरला. पण सर्वत्र तो लागू पडला नाही.

‘मेंटेक’ व ‘टुंडू’ : जावा बेटातील भातावर ‘मेंटेक’ नावाचा रोग एकोणिसाव्या शतकापासून मोठे नुकसान करीत होता. जे. व्हान ब्रेडा डी हान यांनी १९०२ मध्ये रोगट भाताच्या मुळांत आढळलेल्या एका सूत्रकृमीचे वर्णन केले व रोगाचे कारण तोच असल्याचे मानले. हाच आजचा भातमूळ सूत्रकृमी, हिर्शमॅनिएला ओरायझी. तथापि हा सूत्रकृमी निरोगी दिसणाऱ्या भातातही विपुल आढळतो, हे नंतर लक्षात आले. मेंटेकची लक्षणे ही हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या टुंग्रो या विषाणुजन्य रोगाची होती, असे आता मानले जाते. रोगट मुळात एखादा जीव सापडणे व तो रोगाचे कारण असणे या दोन भिन्न गोष्टी होत, हा धडा या प्रकरणाने घालून दिला. त्याचा एक अनिष्ट परिणामही झाला. मेंटेकच्या आरोपातून सुटलेला हा सूत्रकृमी काही काळ निरुपद्रवी समजला गेला. वस्तुतः तो ठळक लक्षणे न दाखविता उत्पन्न घटवितो. जे. पी. हॉलिस व एस्. केऊबूनरूएंग यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातील सु. ५८ टक्के भातक्षेत्रात हिर्शमॅनिएला वंशाच्या जाती असून त्यांच्यामुळे सु. २५ टक्के उत्पन्न घटते. हा अंदाज फार मोठा वाटला, तरी या जातींकडे दुर्लक्ष करता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

गव्हावरील ‘टुंडू’ रोगाने दुसरा धडा दिला. या रोगात ओंबीवर पिवळा चिकट द्रव येतो व ओंबी वेडीवाकडी होते. सी. एम्. हचिन्सन यांनी १९१७ मध्ये पंजाबातील या रोगाचे कारण एक सूक्ष्मजंतू असल्याचे दाखविले. पण हा जंतू स्वतःहून गव्हाच्या वाढीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यास तेथे नेण्याचे काम नीडॅम यांनी पाहिलेला ॲंग्विना ट्रिटिसाय करतो. पश्चिम ऑस्ट्रेलिया, चीन व भारत येथील अभ्यासांतून हा संबंध पक्का झाला. ज्या बियाण्यातून सूत्रकृमीच्या गाठी काढून टाकल्या, त्याच्या पिकात टुंडूही येत नाही. रोगाचे कारण एका जीवात नसून दोन जीवांच्या संबंधात असू शकते, ही कल्पना यातून रूढ झाली.

परस्परसंबंधांचा अभ्यास : भारतात या विषयाच्या अभ्यासास संस्थात्मक आधार १९६० नंतर मिळाला. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६६ मध्ये सूत्रकृमिविज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. भारतीय सूत्रकृमिविज्ञान संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली व तिचे नियतकालिक १९७१ पासून निघू लागले. सूत्रकृमींवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७७ मध्ये आखण्यात आला. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्याचे केंद्र आहे. भातावरील सूत्रकृमींचे काम प्रामुख्याने कटक येथील मध्यवर्ती भात संशोधन संस्थेत (स्थापना १९४६) झाले.

परस्परसंबंध तपासण्याची रूढ पद्धत अशी आहे. निर्जंतुक केलेली माती कुंड्यांत भरून त्यांत रोपे लावतात. काही कुंड्यांत पहिली जाती, काहींत दुसरी, काहींत दोन्ही व काहींत एकही नाही, अशी योजना करतात. दोन्ही जाती सोडताना कधी त्या एकाच वेळी, तर कधी एक आधी व दुसरी काही दिवसांनी सोडतात. ठराविक मुदतीनंतर मुळांत शिरलेले डिंभ (पिले), माद्या व अंडी यांची मोजदाद करतात आणि रोपांची उंची व वजन घेतात. दिल्ली येथे आर्. के. कौल व सी. एल्. सेठी यांनी १९८२ मध्ये मक्यावर याच पद्धतीने काम केले. हेटरोडेरा झीई हा मक्याचा पुटी सूत्रकृमी, मूळगाठ सूत्रकृमी मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा व बाह्यपरजीवी टायलेंकोऱ्हिंकस व्हल्गॅरिस या तीन जाती एकत्र सोडल्या असता व एक आधी स्थिरावलेली असता मुळांतील प्रवेशावर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासले. या रचनेत आधी कोण आले, या प्रश्नाला कोण किती आहेत, या प्रश्नाइतकेच महत्त्व दिलेले आहे. आधी आलेली जाती मुळाची टोके व्यापते, ऊतके बदलते किंवा कुजविते. नंतर येणाऱ्या जातीला उरलेल्या जागेवरच निभवावे लागते.

कुंडीतील निष्कर्ष शेतावर जसेच्या तसे लागू पडतातच असे नाही. इंग्लंडमध्ये सतत तृणधान्ये घेतलेल्या काही शेतांत हेटरोडेरा ॲव्हेनीची संख्या वाढण्याऐवजी काही वर्षांनी घटत गेली. १९७० नंतरच्या दशकात ब्रायन केरी यांच्या संशोधनातून दिसले, की तेथील मातीतील काही कवके (बुरशीसारखे जीव) या सूत्रकृमीच्या माद्या व अंडी नष्ट करीत होती. फ्रान्समध्ये एफ्. लासेर, आर्. रिव्होआल व आर्. कुक यांनी १९९४ मध्ये गव्हावरील हेटरोडेरा ॲव्हेनी व प्रॅटिलेंकस निग्लेक्टस या दोन जातींच्या परस्परसंबंधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांना व्यावहारिक महत्त्व आहे. प्रतिकारक वाण सामान्यतः एकाच जातीविरुद्ध उपयोगी पडतो. त्याने ती जाती हटली, तरी तिने अडविलेली मुळे दुसऱ्या जातीला मोकळी होण्याचा संभव राहतो.

भातावरील दोन प्रमुख जाती : भाताच्या मुळांवर अनेक जाती आढळत असल्या, तरी परस्परसंबंधांच्या दृष्टीने दोन जातींची तुलना बोधप्रद आहे. भातमूळ सूत्रकृमी (हिर्शमॅनिएला ओरायझी) हा सु. १ ते १.५ मिमी. लांबीचा सडपातळ भ्रमणशील अंतःपरजीवी आहे. पाण्याखालील जमिनीत, जेथे ऑक्सिजनाचे प्रमाण अत्यल्प असते, तेथेच तो फोफावतो. भाताच्या मुळाच्या मध्यत्वचेत (बाह्यत्वचा व गाभा यांमधील भागात) हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून तो फिरतो. त्याने कुरतडलेले भाग तपकिरी पडून कुजतात. अनुकूल स्थितीत त्याची एक पिढी सु. एक महिन्यात पूर्ण होते. गवते व लव्हाळे यांच्यावरही तो उपजीविका करतो.

भातावरील मूळगाठ सूत्रकृमी (मेलॉयडोगायनी ग्रॅमिनिकोला) या जातीचे वर्णन ए. एम्. गोल्डन व डब्ल्यू. बर्चफील्ड यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील लुइझिॲना राज्यातून केले. सावा या तृणधान्याच्या वंशातील एका रानगवताच्या (एकायनोक्लोआ कोलोना) मुळांवर ती मिळाली होती. या जातीचे डिंभ मुळाच्या टोकाशी शिरतात व टोकास आकड्यासारखी वाकडी गाठ येते. तिला ओलसर पण हवा खेळती असलेली माती मानवते. पाणी साचलेल्या मातीत डिंभ नव्या मुळांत शिरू शकत नाहीत, तथापि ते मरतही नाहीत. जॉन ब्रिज व एस्. एल्. जे. पेज यांनी बांगलादेशातील कामावरून १९८२ मध्ये दाखविले, की पाण्याखालील मातीत ही जाती निदान पाच महिने तग धरते व पाणी ओसरताच पुन्हा मुळांत शिरते. शिवाय तिची अंडी बहुधा गाठीच्या आतच राहतात. त्यांतून निघालेले डिंभ मातीत न येता त्याच मुळात नवी जागा शोधतात. त्यामुळे पाणी भरण्यापूर्वी मुळात शिरलेल्या या जातीला नंतरचे पाणी फारसे अडवीत नाही.

या दोन जाती एकाच मुळात आल्या, तर त्यांचा संघर्ष अटळ असतो. मूळगाठ सूत्रकृमीला महाकोशिका तयार करण्यासाठी सजीव ऊतक व वाढते टोक लागते. भातमूळ सूत्रकृमी सभोवतीची मध्यत्वचा कुजवितो व मुळांची वाढ रोखतो. एकीच्या जगण्याची अट दुसरी मोडते. म्हणून शेतात त्या बहुधा सरमिसळ न होता पाण्याच्या पातळीप्रमाणे वाटून राहतात. फिलिपीन्समध्ये जे. सी. प्रो व डी. एम्. मॅटियस यांनी चढउताराच्या भातशेतीत वरपासून खालपर्यंत मुळांतील सूत्रकृमींची पाहणी करून पाण्याच्या व्यवस्थेचा या वाटणीवर होणारा परिणाम १९९५ मध्ये मांडला. वरच्या, मधूनमधून कोरड्या पडणाऱ्या भागाचा कल मूळगाठ सूत्रकृमीकडे व खालच्या, सतत पाण्याखालील भागाचा कल हिर्शमॅनिएलाकडे असतो.

नागोठणे परिसर : नागोठणे हे आंबा नदीच्या काठी वसलेले जुने बंदर व बाजारपेठ होय. एकोणिसाव्या शतकात ते पेण तालुक्याच्या पोटविभागाचे (पेट्याचे) ठाणे होते. सांप्रत ते रोहे तालुक्यात मोडते. (कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले.) भरतीचे पाणी धरमतरच्या खाडीतून नदीने नागोठण्यापर्यंत चढते, त्यामुळे पूर्वी मुंबईहून महाबळेश्वरकडे जाणारे प्रवासी येथवर जलमार्गाने येत. येथे सह्याद्रीच्या फाट्यांपासून खाडीपर्यंतच्या थोड्या अंतरात जमिनीचे तीन थर दिसतात. डोंगरउतारावर नाचणी व वरी यांसाठी वापरली जाणारी वरकस जमीन, तिच्याखाली बांध घालून पायरीपायरीने केलेली भाताची खाचरे आणि नदीच्या खालच्या अंगास, पेण तालुक्याकडे, भरतीचे पाणी बांधांनी थोपवून लागवडीस आणलेल्या खारजमिनी, असा हा क्रम आहे. जिल्ह्यात पाऊस वर्षास सु. ३,००० मिमी. पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या काळात पडतो.

सूत्रकृमींच्या दृष्टीने या तीन थरांत तीन निरनिराळे नियम चालतात. वरकस जमिनीत पाणी साचत नाही. तेथे बाह्यपरजीवी जाती, प्रॅटिलेंकस व मूळगाठ सूत्रकृमी यांना अनुकूल स्थिती असते. मधल्या खाचरांत चिखलणी व लावणीनंतर पाणी उभे राहते आणि भातमूळ सूत्रकृमीला वाव मिळतो. पण पावसाने ओढ दिली, की वरच्या पायऱ्या आधी सुकतात व तेथील मुळे हवेवर येतात. एकाच हंगामात दोन्ही प्रकारच्या जातींना आळीपाळीने संधी देणारा हा पट्टा परस्परसंबंधांचे खरे क्षेत्र होय. खारजमिनीत मोड आलेले बी चिखलावर फेकून पेरण्याची ‘रहू’ पद्धत आहे. तेथे क्षार व भरतीचे पाणी हे आणखी दोन निवाडे करणारे घटक येतात.

भात निघाल्यावर मधल्या जमिनीत अंगच्या ओलीवर वाल घेण्याची पद्धत या भागात जुनी आहे. भातमूळ सूत्रकृमीचे मुख्य आश्रय गवते व लव्हाळे असल्यामुळे या काळात त्यास भाताची धसकटे व बांधावरील गवते यांवरच निभवावे लागते व जमीन वाळत जाते तशी त्याची संख्या घटते. अशा रीतीने वाल हे पीक शेतकऱ्याला उत्पन्न देता देता भाताच्या एका शत्रूची उपासमारही घडविते. कर्जत, माणगाव व रोहे भागांत कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होऊ लागल्यावर हा खंड तेवढ्या क्षेत्रापुरता नाहीसा झाला. वर्षातून दोनदा भात व दोन्ही वेळा उभे पाणी ही स्थिती हिर्शमॅनिएलाला सर्वांत अनुकूल असते.

राब : लावणीपूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत व वर मातीचा थर देऊन उन्हाळ्यात तो जाळण्याच्या कोकणातील पद्धतीस राब म्हणतात. राबासाठी जंगलातून टहाळ तोडण्याचा हक्क ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत शेतकरी व वनखाते यांमधील दीर्घ वादाचा विषय होता. १८८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगापुढे तो प्रामुख्याने आला. वनखात्याच्या मते राब ही जंगलाची नासाडी होती. शेतकऱ्याच्या मते त्याविना रोप जोम धरीत नसे. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एन्. व्ही. जोशी व एन्. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील राब पद्धतीवर १९१२ मध्ये शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला.

त्या काळी चर्चा राख, खत, तणनाश व तापलेल्या मातीतील बदल यांभोवती फिरत होती; भातावरील सूत्रकृमींचा विचार तीत नव्हता. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात या पद्धतीचा आणखी एक अर्थ लागतो. सूत्रकृमी ५०° से. च्या वरील तापमानात थोड्याच वेळात मरतात व जळत्या राबाखालील मातीचा वरचा पातळ थर याहून अधिक तापतो. ही उष्णता खोलवर जात नसल्याने जमीन कायमची सूत्रकृमिमुक्त होत नाही; परंतु कोवळ्या मुळांचे पहिले दिवस निर्वेध जाण्यास तेवढे साहाय्य पुरेसे असते. मूळगाठ सूत्रकृमीच्या बाबतीत पहिले दिवसच निर्णायक होत. रोपवाटिकेत पाणी साचलेले नसते, म्हणून तेथे ही जाती शिरू शकते. रोपाबरोबर ती खाचरात जाते व नंतर भरलेले पाणी तिला हटवू शकत नाही. रोप निर्मळ असेल, तर तेच पाणी तिला बाहेर रोखून धरते. भाजलेली रोपवाटिका व पाण्याने भरलेले खाचर या दोन गोष्टी मिळून एक संरक्षक व्यवस्था होत होती. टहाळाची टंचाई, मजुरी व जंगलाचे रक्षण या रास्त कारणांनी राब मागे पडत आहे. त्याच्या जागी गादीवाफे, रासायनिक खते व काही ठिकाणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली उन्हाने माती तापविण्याची पद्धत सुचविली जाते. यांपैकी फक्त शेवटचा उपाय राबाचे उष्णतेचे कार्य काही अंशी करू शकतो.

बदलती स्थिती व नियंत्रण : भाताला लागणाऱ्या पाण्याची बचत करणाऱ्या पद्धती एकविसाव्या शतकात सर्वत्र पुढे आल्या आहेत. खाचर आळीपाळीने भरणे व सुकविणे, चिखलणी न करता थेट पेरणी करणे, ओलसर पण न साचलेल्या जमिनीत भात घेणे, ही त्यांची उदाहरणे होत. पाणी व मजुरी यांच्या दृष्टीने त्या आवश्यक आहेत. मात्र त्यांनी सूत्रकृमींमधील समतोल बदलतो. पाणी हटले, की हिर्शमॅनिएला मागे सरतो व मूळगाठ सूत्रकृमीला, तो त्या जमिनीत पोहोचला असल्यास, मोकळे रान मिळते. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात २००१ मध्ये भातावर मूळगाठ सूत्रकृमीचा मोठा प्रादुर्भाव नोंदला गेला. इटलीतील पीडमाँट प्रदेशात २०१६ मध्ये ही जाती यूरोपात प्रथमच सापडली, तेव्हा तिच्या बंदोबस्तासाठी शेते दीर्घकाळ पाण्याखाली ठेवण्याचा उपाय योजण्यात आला. आशियातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तण दाबण्यासाठी जे करीत आला, तेच येथे सूत्रकृमीविरुद्धचे साधन ठरले.

नियंत्रणाचा कोणताही उपाय निवडताना शेतात कोणकोणत्या जाती आहेत व त्यांचे प्रमाण काय, हे माती व मुळे तपासून आधी ठरविणे इष्ट असते. पाणी उभे ठेवण्याचा उपाय मूळगाठ सूत्रकृमीविरुद्ध उपयुक्त, पण भातमूळ सूत्रकृमीस पोषक आहे. शेत सुकविण्याचा उपाय याच्या उलट ठरतो. दोन्ही जाती असलेल्या शेतात रोपवाटिका निर्मळ ठेवणे, भातानंतर गवतवर्गाबाहेरचे पीक घेणे, धसकटे लवकर नांगरून उन्हात वाळू देणे व बांधावरील तण काढणे हे उपाय एकाच वेळी दोहोंविरुद्ध चालतात. सेनेगलमध्ये जी. जेर्मानी, जी. रेव्हेर्सा व एम्. ल्यूक यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धैंचाच्या सेस्बेनिया रॉस्ट्रॅटा या जातीमुळे भातमूळ सूत्रकृमीची संख्या घटल्याचे दिसले. हे पीक हिरवळीचे खत म्हणूनही उपयोगी आहे. पांढऱ्या टोकाच्या रोगासाठी बी थंड पाण्यात भिजवून नंतर ठराविक तापमानाच्या गरम पाण्यात बुडविण्याची प्रक्रिया परिणामकारक आहे. सूत्रकृमिनाशक रसायने भाताच्या साचलेल्या पाण्यात मासे व इतर जीवांना अपायकारक ठरू शकतात. त्यामुळे त्यांचा वापर रोपवाटिकेपुरता मर्यादित ठेवणे श्रेयस्कर समजले जाते.

रायगड जिल्ह्यातील भात संशोधनास कर्जत येथील केंद्राची १९१९ पासूनची परंपरा आहे व खारजमिनींचा अभ्यास पनवेल येथे होतो. ही दोन्ही केंद्रे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. सूत्रकृमींच्या बाबतीत या प्रदेशाचे वैशिष्ट्य असे, की येथे पाण्याची व्यवस्था गावागावांनुसार व पायरीपायरीनुसार बदलते. कालव्याचे पाणी आल्यावर, राब बंद झाल्यावर किंवा थेट पेरणी सुरू झाल्यावर मुळाभोवतीच्या कोणत्या जातीला बळ मिळेल, याचा विचार वाण व खते यांच्या शिफारशींबरोबरच होणे आवश्यक आहे. हा बदल वरून दिसत नाही. पीक थोडे पिवळे पडते, फुटवे कमी येतात, लोंबी हलकी भरते व दोष बहुधा खताला किंवा पावसाला दिला जातो. रोप उपटून मुळे धुऊन पाहिली, तर टोकाच्या आकड्यासारख्या गाठी नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात आणि तपकिरी कुजलेली मुळे भातमूळ सूत्रकृमीचा संशय दर्शवितात. त्याची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होऊ शकते.